बॅनरवर अख्खं जग, वर्गात आपलीच मंडळी

नाशिकला गंगापूर रोडच्या एका संस्थेत मास कॉमचा (पत्रकारितेचा) १ वर्षाचा डिप्लोमा केला, नाव नको. अ‍ॅडमिशन घेतली ती बॅनर बघून हे खरंय, हिजाबवाली मुलगी, पगडीवाला पोरगा, एक गोरी, सगळे माइक धरून हसतायत, म्हटलं काय माहोल असेल राव, आणि वर्गात बघतो तर निम्मे सिडकोचे. ती गोरी नंतर कॉलेज रोडला दातांच्या दवाखान्याच्या बोर्डवर दिसली, हसू तेच, फक्त माइक गायब!

गंमत म्हणजे खरी विविधता वर्गातच होती की. सुरगाण्याची एक जण घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलते, मालेगावच्या मित्राकडे उर्दू पेपर येतो, तो एकच बातमी उर्दू-मराठी दोन्हीकडे कशी छापलीय ते वाचून दाखवायचा, सगळ्यात जास्त तिथेच शिकलो. यांचे फोटो का नाही लावत विचारलं तर मॅडम म्हणे, डिझाइन एजन्सीकडून येतं रे. आणि सर वर शिकवतायत १९२० चा 'मूकनायक' पेपर, बाबासाहेबांनी तो का काढला वगैरे.

शिकवणं मस्त. एडिटिंगला पीसी ४च, नंबर लावा. फी भरायच्या आधी एक दिवस वर्गात बसून या, बसू देतात.