ओम्नीचा बेल्ट घेताना मी कसा गंडलो, वाचा आणि शहाणे व्हा

माझी 2008 ची ओम्नी आहे, डेकोरेशनचं सामान आणि फुलं वाहायला ठेवलीय. गाडी जुनी असली तरी इंजिन ठणठणीत. एप्रिलमध्ये सकाळी स्टार्ट केली की चिर्रर्र आवाज यायला लागला, दोन मिनिटांनी बंद व्हायचा. फॅनबेल्टचा आवाज आहे हे कळत होतं, लग्नसराई तोंडावर होती, म्हटलं भानगड नको, नवीनच टाकू.

कोल्हापुरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो (नाव लिहीत नाही, कुणी विचारू पण नका). काउंटरवरचा माणूस एकदम गोड बोलणारा. "जुना बेल्ट आणलाय का भावा, माप बघतो." मी काढूनच नेला होता, दिला. त्याने हातात घेऊन दोनदा वाकवला, म्हणाला गेलाय हा, आणि आत जाऊन सीलबंद खोका घेऊन आला. खोक्यावर कंपनीचं नाव, होलोग्राम, सगळं झकास. 380 म्हणाला, मी घासाघीस करून 350 दिले आणि वर खूश झालो. बिल मागितलं तर "जीएसटी लागंल भावा, कशाला उगं" म्हणून एका कागदावर "बेल्ट 1 नग 350" लिहून दिलं, त्यावर ना दुकानाचं नाव ना सही. जुना बेल्ट मागायचं मला सुचलंच नाही, त्याने गप काउंटरखाली टाकला. ही माझी सगळ्यात मोठी चूक, का ते पुढे सांगतो.

बेल्ट बसवताना आमच्या नेहमीच्या गॅरेजमधल्या पोराने सीट उचलली, अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ते सरकवून बेल्टला ताण देतात) बोल्ट ढिला केला, टॉमीने (लोखंडी दांड्याने) ओढून ताण दिला, तर अल्टरनेटर पट्टीच्या खाचेत पार शेवटाला जाऊन टेकला. तो म्हणाला पण, दादा हा जरा लांब वाटतोय. मी म्हटलं कंपनीचा आहे रे, सील मी स्वतः फोडलंय. आठ दिवसात परत आवाज. दुकानात फोन केला तर "नवीन बेल्ट थोडा ताणतोच, परत टाइट करा" आणि गंमत म्हणजे हे खरंच आहे, नवीन बेल्ट सुरुवातीला ताणतो, म्हणून तर माझा विश्वास बसला. पण टाइट करायला खाचेत जागाच उरली नव्हती.

मग मे महिन्यात देवरुखला लग्नाची ऑर्डर, पहाटे चारला झेंडू आणि शेवंती भरून निघालो. मलकापूर सोडलं, आंबा घाटाच्या अलीकडे डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि रबर जळल्याचा वास. पाच मिनिटात टेंपरेचरचा काटा वर, कारण ओम्नीत त्याच बेल्टवर वॉटर पंप पण फिरतो, बेल्ट गेला की चार्जिंग पण गेलं आणि पाणी फिरायचं पण थांबलं. गाडी बाजूला घेतली. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, इंजिन तापलं की उडतं) वाचलं ते लगेच थांबलो म्हणून, नाहीतर 350 च्या बेल्टपायी इंजिन खोलायची पाळी आली असती. मागे फुलं घामेजायला लागलेली, लग्नघरातून दर दहा मिनिटांनी फोन.

मलकापुरातून एक वयस्कर मिस्त्री मोटारसायकलवर आले, सोबत पिशवीत बेल्ट. तुटलेला बेल्ट त्यांनी उचलला आणि आधी आतली बाजू दाखवली, बुडाला आरशासारखी चकचकीत. "बघा साहेब, व्ही बेल्ट दोन्ही कडांनी पुली धरतो, बुड टेकायचं नसतंय. ह्याचं बुड टेकलंय म्हणजे रुंदीला कमी आहे, मग घसरणार, तापणार, जळणार." मग पेट्रोलचा बोळा फिरवला तर पांढरा छाप निघून आला आणि खाली पुसट दुसराच आकडा! म्हणाले, छाप पुसला म्हणजे डुप्लिकेट असं नसतंय, चांगल्या बेल्टचा पण पुसतो, पण खाली दुसरा आकडा निघाला म्हणजे कुठल्या तरी वेगळ्या मापाच्या बेल्टवर तुमचं माप छापून खोक्यात भरलंय.

तेव्हा मला कळलं की बेल्टवर 10 × 850 असं काहीतरी असतं त्यात 10 म्हणजे वरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि पुढचं लांबी. (चपट्या रेघांच्या बेल्टवर 4पीके 890 असं असतं, त्यात 4 म्हणजे रेघा.) लांबीत पण कुणी बाहेरून मोजलेली छापतं कुणी पिचवरची (म्हणजे बेल्टच्या आतल्या दोऱ्यांच्या रेषेवर मोजलेली), त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे थोडे मागेपुढे दिसतात आणि नेमका याचाच फायदा दुकानदार घेतो. जुना बेल्ट हातात असेल तर दोन्ही शेजारी धरून ताणायचे, उभे करून रुंदी बघायची, दहा सेकंदाचं काम. माझा जुना बेल्ट त्याच्या काउंटरखाली! मिस्त्रींचं म्हणणं, फक्त सकाळी थोडा वेळ आवाज यायचा तर तो नुसता ढिला असेल, तडे नसतील तर टाइट करून चालला असता. आता ते तपासणार कसं?

बसवल्यावर त्यांनी मला बोट फिरवून बघायला लावलं, बेल्टची पाठ पुलीच्या कडेला जवळपास सपाट, आत बुडालेली नाही. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण सेंटीमीटरभर दबला आणि अल्टरनेटर खाचेच्या मध्यावर.

फुलं अर्धी गेली, पार्टीने 4000 कापले. परत येऊन दुकानात तुटका बेल्ट ठेवला तर तोच गोड माणूस, "हा आमचा नाहीच भावा, बिल दाखव." कागद दाखवला तर हसला. खोका पण मी फेकून दिलेला. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, बिल आहे का. मला जाताना काउंटरखाली जुन्या बेल्टांचा ढीग दिसला, त्यात माझा कुठला ते ओळखू येईना.