नातेवाईक जमले की हेडफोन कितपत कामाला येतो

सुट्टीत सगळं खानदान एका घरात जमलं की "पगार किती", "लग्नाचं काय ठरलं", "दुसऱ्याचा विचार कधी" हे प्रश्न ठरलेलेच, आणि मला त्यांचा खरंच त्रास होतो, म्हणून मी कान पूर्ण झाकणारा मोठा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला.

याने माणसांचा आवाज बंद होईल असं समजून घेऊ नका. माईक बाहेरचा आवाज पकडतो आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलटी लाट सोडतो, त्यामुळे पंखा, एसी, विमानाचं इंजिन असा एकसुरी घुमणारा आवाज जवळपास गायब होतो. स्पीकर-हेडफोन बनवणाऱ्या बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना 1978 मध्ये विमानातच सुचली होती आणि 1989 मध्ये त्यांच्या कंपनीने हेडसेट आणला तोही पायलट लोकांसाठी. बोलणं मात्र सारखं वरखाली होत असतं, ते बऱ्यापैकी आत येतंच, उलट मागची घरघर गेल्यामुळे आत्याचा शब्द न् शब्द कळतो. मग हळू आवाजात पावसाचा आवाज लावायचा, शब्द बुडतात.

पण खरा फायदा वेगळाच आहे, हा लांबून दिसतो! छोटे बड्स केसांखाली झाकले जातात, लोक येऊन बोलायला लागतात आणि आपण गप्प राहिलो की शिष्ट ठरतो. हा डोक्यावर असला की मावशी दारातूनच वळते. काकू एकदा जवळ येऊन काहीतरी पुटपुटली, मी एक बाजू सरकवून "काय गं?" म्हटलं, तर तोच प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने परत विचारायला तिलाच नको वाटलं, "काही नाही, चालू दे तुझं" म्हणून गेली.

बाहेरचं ऐकू येण्यासाठी ट्रान्सपरन्सी मोड आहे आणि तो चांगला चालतो, पण आजी आली की मी हेडफोन काढूनच ठेवते, तिला आपण पूर्ण लक्ष देतोय हे दिसायला हवं.

चष्मा असेल तर आधी घालून बघा, काडीमुळे कुशनला फट राहते आणि आवाज आत शिरतो. बराच वेळ घातला की कान तापतात.

जेवताना मात्र उपयोग शून्य, काढावाच लागतो. तेव्हा मी दादाशेजारची जागा धरते, विषय बदलण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही.