२१० ग्रॅमचा साप, ६२ ग्रॅमचा उंदीर आणि माझे १८,७०० रुपये

सांगलीच्या मार्केट यार्डात मी २२ वर्षं हळदीची वजनं बघतोय. कुणी जादा कडता (मालाच्या वजनातली कपात) कापला तर शेतकऱ्याच्या बाजूनं भांडणारा माणूस मी. आणि पोराच्या पाळीव सापासाठी उंदीर विकणाऱ्या एकानं मला वजनातच फसवलं. महिनाभर घराबाहेर ओळखीच्या कुणाला बोललो नाही, लाज वाटत होती. पण तो माणूस नवं नाव घेऊन पुन्हा धंद्याला लागलाय, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, साप कायदेशीर आहे. धाकटा अकरावीला आहे, त्याला प्राणिशास्त्र करायचंय, त्याच्या हट्टापायी बॉल पायथन आणला. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी. केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलीय. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मलाही माहीत आहे.

नव्या घरी आल्यावर सापानं १० दिवस तोंड उघडलं नाही. या जातीत ते नेहमीचंच, हे आता कळलंय. तेव्हा जीव टांगणीला लागला होता. ऑनलाइन एक ‘आहारतज्ज्ञ’ सापडला. फोटो, लोकांचे अभिप्राय, गोड बोलणं, सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच. सहा महिन्यांचा ‘वाढीचा प्लॅन’: दर ५ दिवसांनी एक गोठवलेला उंदीर, ३६ नग, नगाला २५० प्रमाणे ९,००० आणि बर्फाच्या पेटीतून कुरिअरचे १,८००. झाले १०,८००, सगळे आगाऊ. मंडईत भाजीवाल्याला सुद्धा मी आगाऊ देत नाही. इथं दिले.

पहिल्या पेटीत ६ नग आले. एक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात बुडवला. (मायक्रोवेव्हमध्ये कधीच घालू नका.) पुसून घेतला आणि सवयीनं नमुन्याच्या काट्यावर ठेवला. ६२ ग्रॅम. साप आदल्या दिवशीच तोलला होता, २१० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ ३० टक्के. सापाच्या सगळ्यात जाड भागाच्या दीडपट उंदराचे खांदे. पोरगं म्हणालं, “पप्पा, हे लई मोठं नाही का?”

तिथंच थांबायला हवं होतं. आकडा समोर होता, काटा माझा होता. मी फोन लावला तर तो म्हणाला, “सर, जंगलात काय तोलून खातो का साप? भरपूर द्या, लवकर वाढेल.” आणि मी गप्प बसलो. तो त्यातला जाणकार, आपल्याला काय कळतंय, असं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. डॉक्टरपुढं आपण असंच मान डोलावतो.

तिसऱ्या उंदरानंतर दुसऱ्या रात्री सापानं सगळं बाहेर टाकलं. ओले केस, अर्धवट विरघळलेलं अंग, खोलीत उभं राहवेना असा वास. पोरगं रडत होतं. त्या अवस्थेत मी परत त्यालाच फोन केला. व्हिडिओवर तपासणीचे १,५००. ‘पचनाचे थेंब’ २,४००. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव सुद्धा नव्हतं. मग म्हणाला, पुढच्या ३० नगांसाठी थंड पेटीचं डिपॉझिट ४,०००, परत मिळेल. तेही पाठवले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांना दाखवलं, ते असेच प्राणी बघतात. त्यांनी सांगितलं, लहान बॉल पायथनला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के उंदीर, ७ ते १० दिवसांनी. मोठ्याला ५ टक्क्यांच्या आसपास, दोन-तीन आठवड्यांनी. उंदीर सापाच्या जाड भागाएवढाच. साप ठेवतो त्या टबची गरम बाजू ३१ ते ३३ अंश. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. बाहेर टाकलं तर दोन आठवडे फक्त पाणी, मग पहिला घास निम्मा. एवढंच होतं सगळं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नंबर मिळाला. लगेच करा, पैसे पुढं सरकायच्या आत. मी लाजेपायी चार दिवस घालवले. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि माझ्या मोबाइलवरचा सापाचा फोटो बघायला चौघं गोळा झाले. एकजण म्हणाला, “मालक, शिराळ्याला सोडून या की, नागपंचमीला उपयोगी पडंल.” आफ्रिकेतला साप! वर तक्रारीत ‘पाळीव साप’ असं लिहू नका म्हणे, वनखातं तुमच्याच मागं लागेल. म्हणून मी स्वतःच वनखात्यात कागद घेऊन गेलो. कागद बरोबर आहेत म्हणाले, पण फसवणूक आमच्याकडं येत नाही, पोलिसांत जा. परत पोलिसांत गेलो तर आधीचे साहेब बंदोबस्ताला. १८,७०० कुणाला मोठे वाटत नाहीत, आणि सापासाठी गेले म्हटल्यावर तर माणूसच येडा ठरतो. गाईच्या पेंडीत फसलो असतो तर असेच हसले असते का?

जो तुमच्या सापाचं वजन न विचारता उंदराचा आकार सांगतो, त्याला पैसे देऊ नका. मला त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी साप तोलला, १९६ ग्रॅम. पोरानं २० ग्रॅमचा उंदीर दिला, चिमट्यानं, मी काटा धरून शेजारी उभा. खाल्ला. आज तिसरा दिवस, आत टिकलाय. तक्रारीवर अजून ‘प्रक्रियेत’ असंच दिसतंय.