140 रुपयांची कंपासपेटी व्हेक्टरच्या बेरजेला कितपत चालते?

जून उजाडला की बेळगावात खडे बाजारापासून गणपत गल्लीपर्यंत स्टेशनरीच्या दुकानांत पत्र्याच्या कंपासपेट्यांची थप्पी लागते. 140 रुपयांच्या पेटीत 15 सेंटीमीटरची प्लॅस्टिकची पट्टी, अर्धगोल कोनमापक, गुण्यांची जोडी, कंपास, दोन टोकांचं कर्कटक, पेन्सिल आणि खोडरबर. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, भूमितीला ती पुरते. खरा कस लागतो पीयूसीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलाचं ‘विस्थापन’ (सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर, दिशेसकट) तिथे डिस्प्लेसमेंट होतं, सदिशाचा (लांबीबरोबर दिशाही असलेल्या राशीचा) व्हेक्टर होतो, आणि बाणाला बाण जोडून बेरीज करायची तर उत्तर याच हत्यारांतून निघतं. पेटी तपासली ती तेवढ्याच कामासाठी.

कसोटीचं गणित असं: पूर्वेला 500 मीटर, मग पूर्वेपासून उत्तरेकडे 60° कोनात 400 मीटर, शेवटी पश्चिमेपासून उत्तरेकडे 30° कोनात 300 मीटर. 1 सेंटीमीटरला 50 मीटर हे प्रमाण घेतलं की बाण होतात 10, 8 आणि 6 सेंटीमीटरचे. पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याचं शेपूट, दुसऱ्याच्या टोकाला तिसऱ्याचं. पहिल्या शेपटापासून शेवटच्या टोकापर्यंत काढलेला बाण म्हणजे बेरीज. (बाणाचं तोंड सुरुवातीच्या बिंदूकडे केलं की उत्तर बरोब्बर उलट दिशेचं येतं. लांबी जुळते म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही.)

घटकांनी, म्हणजे प्रत्येक बाणाचे पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे भाग वेगळे मिळवून, पडताळा: पूर्वेकडचे 500 + 200 − 259.8 = 440.2, उत्तरेकडचे 0 + 346.4 + 150 = 496.4. परिमाण (बेरजेच्या बाणाची लांबी) 663.5 मीटर, दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे 48.4°. म्हणजे कागदावर 13.27 सेंटीमीटरची रेघ यायला हवी. चाललेलं अंतर मात्र 1200 मीटर. अंतर आणि विस्थापन यांतला हा फरक बेळगाव–निपाणी रस्त्यावरही दिसतो: रस्त्याने सत्तरच्या वर किलोमीटर, सरळ रेषेत साठ-बासष्ट, आणि दिशा उत्तरेपासून जेमतेम अकरा-बारा अंश पश्चिमेकडे.

आता कोनमापक. पेटीतली सगळ्यात दगाबाज वस्तू हीच. शून्याची रेघ खालच्या कडेवर नाही, कडेपासून 6 मिलिमीटर वर आहे, आणि मध्यबिंदूचं बारीक भोकही तिथेच. घाईत मूल खालची कड रेघेला लावतं. अर्धगोलाची त्रिज्या साडेचार सेंटीमीटर धरली तर 60° म्हणून केलेली खूण प्रत्यक्षात 63.4° ला पडते, आणि 150° ची (तिसऱ्या बाणाची, पश्चिमेपासून 30° म्हणजे पूर्वेपासून 150°) खूण 143.8° ला. एक कोन वाढला, दुसरा घटला, पण चुका एकमेकींना खाऊन टाकत नाहीत: उत्तर येतं 691 मीटर आणि 50.7°. सत्तावीस मीटरचा घोटाळा, तोही बेरीज-वजाबाकीत एकही चूक नसताना. उपाय सोपा आहे. शून्याच्या रेघेवर दोन्ही बाजूंना तांबड्या मार्करने ठिपका द्यायचा. शिवाय खूण करायच्या आधी बाणाची रेघ पुढे हलक्या हाताने लांबवून ठेवायची, म्हणजे कोनमापक बसवायला दोन्हीकडे आधार मिळतो. योग्य लावल्यावर या कोनमापकाची छपाई ठीक निघाली. 6, 8 आणि 10 सेंटीमीटर बाजूंचा त्रिकोण कंपासने काढून मोजला, 53° च्या किंचित पुढे आकडा आला. हवा तो 53.1°.

पट्टीचंही तेच दुखणं. शून्य कडेपासून 3 मिलिमीटर आत. कड बिंदूवर टेकवून 10 वर खूण केली की बाण 10.3 सेंटीमीटरचा, म्हणजे 15 मीटर जास्तीचा. तीन बाण, तीन वेळा. त्यातून 15 सेंटीमीटरची पट्टी लांब बाणांना अपुरी: बेरजेची रेघ 16–17 सेंटीमीटरची झाली की पट्टी सरकवून मोजावी लागते आणि मिलिमीटर निसटतो. ही पट्टी पेटीतच पडून राहू द्या. 30 सेंटीमीटरची स्टीलची घ्या, तिचा शून्य कडेवरच असतो.

गुण्यांचं काम कोऱ्या कागदावर निघतं. प्रत्येक बाणाच्या टोकाशी पूर्वेची रेघ पुन्हा काढायची, ती पहिलीला समांतर हवी. पट्टी पक्की धरून गुण्या तिच्यावरून सरकवायचा. काटकोन खरा आहे का हे पाहायची जुनी रीत: पट्टीला लावून लंब काढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरा लंब काढा. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर गुण्या सच्चा, फाकल्या तर चूक त्या फटीच्या निम्मी. या पेटीतल्या 45° च्या गुण्याने 8 सेंटीमीटरवर सुमारे 1 मिलिमीटर फट दाखवली, म्हणजे एक तृतीयांश अंशाच्या आसपास चूक. शाळेच्या कामाला चालेल. आलेख कागद वापरला तर गुण्यांची गरजच नाही, फक्त कागद आधी तपासा, कारण झेरॉक्सवर काढलेला कागद बरेचदा लहान-मोठा होतो. एकेक सेंटीमीटरचे दहा चौकोन स्टीलच्या पट्टीवर 10 सेंटीमीटरशी जुळतात का एवढं पाहिलं की झालं. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या दमट हवेत, कागद मऊ पडतो आणि कंपासचं टोक घसरतं. खाली पुठ्ठा ठेवावा.

कर्कटकाला पैकीच्या पैकी गुण. बेरजेचा बाण मोजायला पट्टीपेक्षा हे बरं: दोन टोकं बाणाच्या दोन टोकांवर ठेवायची आणि तशीच पट्टीवर नेऊन वाचायची. कंपासचा स्क्रू मात्र आठवड्याभरात सैल झाला. पेटीतली पेन्सिल जाड शिशाची आहे, रेघ जवळजवळ 1 मिलिमीटर रुंद. आपल्या प्रमाणात तेवढ्याचेच 5 मीटर होतात. 0.5 ची क्लच पेन्सिल घ्या.

एवढी दुरुस्ती केल्यावर या पेटीने 660 ते 670 मीटर आणि 48° ते 49° च्या आत उत्तर दिलं. पट्टी आणि पेन्सिल धरून खर्च दोनशेच्या पुढे जातो, पण महागड्या पेटीतही बहुधा असाच अर्धगोल कोनमापक निघतो. त्याऐवजी 360° चा पूर्ण गोल कोनमापक सुटा मिळाला तर जरूर घ्या. हाच प्रवास उलटा केला तर घटक −440.2 आणि −496.4 येतात, आणि कॅल्क्युलेटरचं टॅन इनव्हर्स (घटकांच्या भागाकारावरून कोन काढणारं बटण) तरीही 48.4° च दाखवतं, कारण दोन उणे चिन्हं भागाकारात उडून जातात. खरी दिशा पूर्वेपासून उत्तरेच्या बाजूने मोजत गेलं तर 228.4°. गोल कोनमापकावर ती चूक झाकून राहत नाही.

दुकानदार बहुधा दोन पेट्या उघडून देतो. दोन्ही कोनमापक पाठीला पाठ लावून, मध्यभोकं आणि शून्याच्या रेघा जुळवून उजेडाकडे धरा. 90 वर 90 बसलं नाही तर दोघांपैकी निदान एक तिरपा छापलेला आहे, तेव्हा तिसरी पेटी मागा.