फँटम लूना: बूट उत्तम, पण मैदान कुठलं?

नायकेने 2023 च्या महिला फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर फँटम लूना हा खास महिलांसाठीचा फुटबॉल बूट आणला, आणि मुलींचा बूट म्हणजे पुरुषांच्या बुटाचं छोटं माप या बाजाराच्या जुन्या सवयीला निदान एक उत्तर मिळालं. चवड्याच्या मानाने मुलींची टाच बहुधा अरुंद असते. पुरुषांच्या साच्यात ती सैल राहते, पळताना वरखाली होते आणि फोड येतात. मग लेस करकचून आवळली जाते आणि पायाचा वरचा भाग दुखायला लागतो. लूनामध्ये टाच घट्ट बसते, आणि या बुटाचं खरं मोल तेच आहे.

दुसरी गोष्ट तळाची. चवड्याखालचे स्टड, म्हणजे जमिनीत रुतणाऱ्या खुंट्या, वर्तुळात मांडलेले आहेत. शरीर वळतं आणि बूट जमिनीत रुतून राहतो, तेव्हा पीळ गुडघ्यावर येतो. गोल मांडणीमुळे चवडा सहज फिरावा, असा त्यामागचा विचार आहे. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त आहे. जुलै 2022 मध्ये स्पेनची खेळाडू अलेक्सिया पुतेयासचा हाच अस्थिबंध फाटला, युरो ही युरोपीय स्पर्धा हुकली आणि परतायला पुढच्या वर्षाचा एप्रिल उजाडला. तरीही बुटाने गुडघा वाचतो, असं दुकानदाराने कितीही सांगितलं तरी ऐकू नका. फिफा 11+ या दुखापती टाळण्यासाठीच्या व्यायामक्रमाचा 20 मिनिटांचा वॉर्मअप आणि उडीनंतर गुडघा आत न वळवता उतरण्याचा सराव, याला पर्याय नाही.

आता आपल्याकडचं बोलू. लूनाचा एफजी (फर्म ग्राउंड) तळ हा गवतासाठी असतो. बेळगाव, खानापूरकडची तांबडी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिथे स्टड रुततच नाहीत, सगळं वजन स्टडच्या टोकांवर येतं, चवडा ठणकतो आणि स्टड झिजतात. निपाणी, चिकोडीच्या काळ्या रानात पावसाळ्यात उलटा प्रकार होतो. चिखल स्टडमध्ये गच्च बसतो आणि तळ सपाट झाल्यासारखा घसरतो. म्हणून रोजच्या सरावाला बारीक रबरी खुंट्यांचा, टीएफ (टर्फ) तळाचा साधा बूट घ्यावा आणि लूना गवतावरच्या सामन्यांसाठी राखावा. एकच जोडी परवडणार असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: टीएफ घ्या. लूनाच्या एलिट या महागड्या जोडीची किंमत पाच आकडी आहे, ती मुरमावर झिजवण्यात अर्थ नाही.

घेताना आकड्यावर विसंबू नका. अमेरिकन मापात बायकांचा आणि पुरुषांचा नंबर दीडने वेगळा असतो, त्यामुळे लेबलवरचे सेंटिमीटर बघा. पाय संध्याकाळी थोडा फुगतो, म्हणून संध्याकाळीच, सामन्याचे मोजे घालून बूट चढवून बघा. सर्वांत लांब बोटापुढे 5 ते 8 मिलिमीटर जागा हवी. बूट हातात वाकवला की तो बोटांच्या सांध्यापाशी मोडला पाहिजे. तळाच्या मध्येच मोडत असेल तर घेऊ नका. सुरुवातीला अर्धा तासच घाला.

पावसात भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की डिंक सुटून तळ उघडतो. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, ओले झाले की बदला. तांबडा चिखल ओला असताना घासला तर बुटाच्या वरच्या कापडाच्या विणीत मुरतो. वाळू द्या, मग ब्रशने झाडा.