डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल आणि त्यांची भावंडं: मेडिकलमध्ये नाव नको, सॉल्ट वाचा

ताप आला की मेडिकलमध्ये तीन नावं हमखास घेतली जातात: डोलो ६५०, क्रोसिन आणि कॅल्पॉल. तिन्हींत सॉल्ट, म्हणजे मूळ औषध, एकच आहे, पॅरासिटामॉल. पॅसिमॉल, पॅरासिप, पी-६५० यांतही तेच. ‘मला क्रोसिनने उतरत नाही, डोलोच लागते’ असं कुणी म्हणतं तेव्हा फरक बहुतेक वेळा ताकदीचा असतो. साधी क्रोसिन किंवा कॅल्पॉल ५०० मिलिग्रॅमची आणि डोलो ६५०ची. कॅल्पॉल आणि क्रोसिनही ६५०मध्ये मिळतात, आणि मग फरक उरतो तो पाकिटाच्या रंगाचा. पॅरासिटामॉल सरकारच्या किंमत नियंत्रणात असल्याने ६५०ची गोळी कोणत्याही नावाची घेतली तरी साधारण दोन रुपयांच्या आसपास पडते. जनऔषधी केंद्रातली आणखी स्वस्त, आणि कामाला तितकीच चांगली.

डोलो ६५०बद्दल तक्रार करण्यासारखं फारसं काही नाही. पंधरा गोळ्यांची पट्टी, मोठी लांबट गोळी. घशात अडकते म्हणणाऱ्या वयस्कर माणसांना ५००ची छोटी गोळी बरी. क्रोसिन ॲडव्हान्स पोटात लवकर विरघळावी अशी बनवलेली आहे. त्याने थोडा वेळ वाचतो, ताप काही जास्त उतरत नाही. क्रोसिन पेन रिलीफ मात्र नीट पाहून घ्यावी. तिच्यात ६५० पॅरासिटामॉलबरोबर ५० मिलिग्रॅम कॅफिन आहे. रात्री दहा वाजता ताप आलेल्या माणसाला ती दिली तर झोप उडेल. नाव क्रोसिनच असल्यामुळे घरात दोन्ही पट्ट्या एकाच डब्यात पडतात आणि गफलत तिथेच होते.

प्रौढ माणसाचं गणित सोपं आहे. एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत काहीही झालं तरी ४००० मिलिग्रॅमच्या वर नाही. ६५०ची गोळी सहा-सहा तासांनी घेतली तर दिवसाच्या चार होतात, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. घरच्या घरी एवढंच पुरेसं आहे. वजन पन्नास किलोच्या खाली असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर मर्यादा बरीच खाली येते; ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. ताप तीन दिवसांवर गेला तर पट्टी वाढवत बसू नये, तपासून घ्यावं.

खरी अडचण डोलोची नाही, डोलोबरोबर घेतलेल्या दुसऱ्या पट्टीची आहे. सर्दीच्या सायनारेस्ट गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, सोबत चोंदलेल्या नाकासाठी फेनिलएफ्रिन १० आणि गळणाऱ्या नाकासाठी क्लोरफेनिरामिन २. झिरोडॉल-पीमध्ये ॲसेक्लोफेनॅक हे वेदनाशामक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आता हिशेब करा. तापासाठी डोलोच्या चार गोळ्या, २६००. सर्दीसाठी सायनारेस्ट तीन वेळा, १५००. झाले ४१००. पाठ दुखते म्हणून झिरोडॉल-पी दोनदा, आणखी ६५०. दिवसाचे ४७५० झाले, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगवेगळ्या त्रासांवर तीन वेगवेगळी औषधं घेतली.

हे टाळायला पट्टी उलटी करा. पुढच्या बाजूचं नाव कंपनीचं. मागे ‘प्रत्येक गोळीत’ म्हणून जी यादी असते ती औषधाची. नियमानुसार एका किंवा दोन औषधांच्या गोळीवर मूळ औषधाचं नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायला हवं, पण तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट आहे. म्हणजे सर्दीच्या गोळ्यांसारख्या जिथे वाचण्याची गरज सर्वांत जास्त, तिथेच अक्षर बारीक. १ ऑगस्ट २०२३पासून खपाच्या तीनशे नावांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलने तो स्कॅन केला की मूळ औषध, बॅच नंबर आणि मुदत दिसते. चष्मा नसेल तेव्हा ही सोय फार कामाची आहे.

नावापुढच्या अक्षरांवर विसंबू नका. झिरोडॉल-पीमधला ‘पी’ पॅरासिटामॉलचा आहे, पण मेफ्टाल-पीमध्ये पॅरासिटामॉल अजिबात नाही. ते लहान मुलांसाठीचं मेफेनॅमिक ॲसिड, म्हणजे वेगळंच ताप-दुखण्याचं औषध आहे. मेफ्टाल फोर्टमध्ये मेफेनॅमिक ॲसिड ५०० आणि वर पॅरासिटामॉल ३२५. मेफ्टाल-स्पासमध्ये पुन्हा पॅरासिटामॉल नाही, तिथे पोटातल्या मुरड्यासाठी डायसायक्लोमिन. एकाच घराण्याची तीन नावं, तीन वेगळी कामं.

कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. दाढदुखी, मुरगळलेला पाय यांसाठी ती उत्तम आहे, काहीतरी खाऊन घ्यावी. पावसाळ्यातल्या तापाला मात्र ती घेऊ नका. डेंग्यूचा नुसता संशय असला तरी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही सगळी वेदनाशामकं बंद, कारण या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणीचा अहवाल येईपर्यंत साधं पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बाईने कॉम्बिफ्लाम स्वतःच्या मनाने घेऊच नये.

सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल २५०, प्रोपिफेनाझोन हे दुसरं वेदनाशामक १५० आणि कॅफिन ५०. सप्टेंबर २०१८मध्ये केंद्राने ३२८ मिश्रणांवर बंदी घातली तेव्हा हे मिश्रणही यादीत होतं; सर्वोच्च न्यायालयातून दिलासा मिळाला आणि ती दुकानात राहिली. साध्या डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरत असताना प्रोपिफेनाझोन कशाला, याचं पटण्यासारखं उत्तर आमच्याकडे नाही. सायनारेस्टबद्दलही मत फारसं चांगलं नाही. तोंडाने घेतलेल्या फेनिलएफ्रिनने चोंदलेलं नाक मोकळं होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी २०२३मध्ये काढला. क्लोरफेनिरामिनने नाक गळणं थांबतं, पण झोप येते. घेऊन गाडी चालवू नये. ब्लडप्रेशर असलेल्यांनी अशी गोळी विचारूनच घ्यावी.

लहान मुलांच्या बाटल्यांकडे सगळ्यांत जास्त लक्ष हवं. मात्रा वयावर नाही, वजनावर: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. बारा किलोच्या मुलाला एका वेळी १२० ते १८०. कॅल्पॉलचं १२०चं सिरप म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२०. त्याचे ५ ते ७.५ मिलिलिटर. २५०चं सिरप असेल तर साधारण अडीच ते साडेतीन. आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणून तिथे १.२ ते १.८. थेंबांची बाटली सिरप समजून ५ मिलिलिटर पाजलं तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम जातात. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात तीच सर्वांत तीव्र. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. बाटली आधी चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस जड होतात. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरकडे. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११पासून बंद आहे. घरातली मोठ्यांची सुमोची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका, तिच्यात निमेसुलाइडच आहे.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी एवढंच: अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल हे त्याचंच नाव. आखातात आणि ऑस्ट्रेलियात पॅनाडॉल. बॅगेतली डोलो आणि सुनेने दिलेलं टायलेनॉल एकाच दिवशी दोन्ही घेऊ नका.

दुकानात ‘चार गोळ्या कापून द्या’ म्हणताना बॅच आणि मुदत छापलेलं टोक शाबूत ठेवायला सांगा, किंवा ते टोकच मागून घ्या. नाव कापलं गेलेल्या, ओळखू न येणाऱ्या गोळ्या डब्यात साठवू नका.

मात्रा जास्त गेल्याची शंका आली तर त्रास होण्याची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो, फार तर मळमळ होते. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. १०८ला फोन करा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठा, आणि जाताना सगळ्या रिकाम्या पट्ट्या बरोबर न्या. किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, हे तिथे पहिल्यांदा विचारतील.