नव्या इंजेक्टरचे पैसे घेतले, घासलेले बसवले

पांढरकवड्याहून कापसाच्या गाठी भरून नागपूरला निघालो होतो. वडनेरच्या पुढे गाडीनं ओढणं सोडलं. आधी काळा धूर, मग एकदम बंद. पुन्हा स्टार्ट झालीच नाही. माझी दहा चाकी बीएस-६ आहे, सेकंडहँड घेतलेली, हप्ते अजून चालू आहेत.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. महिनाभर मी एका ढाब्यामागच्या ड्रममधलं डिझेल टाकत होतो, लिटरमागे बारा रुपये स्वस्त. "भाऊ, पंपावरचंच हाय, फक्त टॅक्स वाचते," असं विकणारा सांगायचा. टाकीच्या तळातून दोन लिटर पाणी निघालं.

जुन्या गाड्या असलं काहीबाही पचवायच्या. माझ्या गाडीत कॉमन रेल आहे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल देणारी एकच नळी. तिथे ते चालत नाही. तिथे दाब १६०० बारच्याही वर जातो, म्हणजे आपल्या टायरमधल्या हवेच्या साधारण दोनशे पट. माझ्या गाडीच्या हाय प्रेशर पंपाला डिझेलच वंगणाचं काम करतं. त्यात पाणी आलं की पंप आतून घासतो, आणि लोखंडाचा बारीक चुरा रेलमधून सगळ्या इंजेक्टरमध्ये शिरतो. म्हणून एक पार्ट बदलून भागत नाही, अख्खी लाइन साफ करावी लागते.

खरी फसवणूक पुढे झाली. तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं पंप आणि सहा इंजेक्टर नवे टाकायचे म्हणून २,१५,००० रुपये घेतले. सोयाबीनचे आलेले पैसे त्यात गेले, वरचे मेहुण्याकडून उसने आणले. जुने पार्ट मागितले तर म्हणे कंपनीला परत द्यावे लागतात. त्यानं नवे खोके दाखवले आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं.

तेविसाव्या दिवशी गाडी पुन्हा उभी. या वेळी नागपूरच्या एका मिस्त्रीनं स्कॅनर लावला, आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की अशा इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो आणि नवा बसवला की तो कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, टाकावा लागतो. माझ्या ईसीएममध्ये जुनेच कोड होते. बसवलेल्या सहापैकी चार इंजेक्टरवरचा कोड घासून पुसलेला. टाकी तर उतरवलीच नव्हती, परतीच्या डिझेलबरोबर आलेला चुरा तसाच तळाशी.

असं काम निघालं तर खोक्यावर जाऊ नका. इंजेक्टर बसण्याआधी त्याच्या कोडचा फोटो काढा आणि नंतर स्कॅनरच्या स्क्रीनवर तोच कोड आहे का, स्वतः जुळवून पाहा. टाकी धुताना, पाइप फुंकताना समोर उभे राहा, एक दिवसाचं भाडं बुडालं तरी चालेल. जुने पार्ट ताब्यात घ्या. आणि सगळं बदलायला हो म्हणण्याआधी इंजेक्टर टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासायच्या मशीनवर, लावून रिपोर्ट मागा. कधी नुसतं नोजल, म्हणजे इंजेक्टरचं फवारणारं टोक, बदलून काम होतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी मी आता रोज सकाळी सोडतो. हे काम मला आधीपासून माहीत होतं, आळस केला.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. ग्राहक आयोगात जायचं म्हणून वकिलाकडे गेलो, त्यांनी पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे एक कच्ची चिठ्ठी आहे. तिच्यावर पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही, फक्त रक्कम आणि 'डिझेल काम पूर्ण' एवढंच लिहिलंय.